झोपलेल्या पाण्याचे फोटो

फोटो काढताना वामनकाका स्वतःचा श्वास रोखायचेच, पण शेजारी उभ्या असलेल्यालाही रोखायला लावायचे. "दम धरा बाई, पानी झोपून राहिलं," असं कुजबुजायचे. आपल्या श्वासानं कुठे एवढं पाणी हलतं का? पण त्यांच्यापुढे माझं शहाणपण चालत नसे.

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि पुनर्वसनाच्या गावात ते माझे शेजारी झाले. मी तिथल्या शाळेत शिक्षिका. काका लग्नाचे फोटो काढून पोट भरत, जीव मात्र त्या पाण्यात. वाळून पांढरी पडलेली झाडं, त्यांवर पंख वाळवणारे पाणकावळे आणि खाली निश्चल पाणी. एकाही फोटोत माणूस नाही. बघणारे म्हणत, "काय शांत आहे हो!" काका मात्र फोटोतल्या त्याच पाण्यावर बोट ठेवून सांगत, "हे आमचं सयपाकघर. इथं माही माय बसे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते बुडालेल्या गल्ल्यांतून चालत जायचे. एकदा त्यांच्या कॅमेऱ्याची तिपाई घेऊन मीही मागोमाग गेले. पाणी गुडघ्यावर आलं, मग कमरेला लागलं. काका मध्येच थांबले.

"तो निंब दिसते ना बाई? त्याच्या डाव्या अंगाले विहीर हाय, माह्या बापानं खोदली. आपुन उजवीकडून जाऊ. भेऊ नोका, माह्या पावलावर पाऊल ठेवा."

विहीर टाळायला ते उजवीकडे वळले आणि दिसेनासे झाले.

निंब पावसाळ्यातच पडला होता, हे नंतर कळलं. काकांनी निंब समजलेलं झाड मोहाचं होतं, आणि विहीर त्याच्या उजवीकडे. साल गेली की मेलेली झाडं सारखीच दिसतात.

पाण्यावर फक्त कॅमेरा धरलेला हात होता. पुढच्या पावलाखाली जमीन आहे की विहीर, हे आता कोण सांगणार? होते तिथूनच मी तिपाई पुढे लोटली. दुसऱ्या हातानं चाचपडत काकांनी तिचा पाय धरला. मी जीव खाऊन ओढलं.

काठावर आम्ही दोघंही उन्हात कुडकुडत बसलो. काका म्हणाले, "खाली पानी अजून तसंच थंड हाय."

बुडताना त्यांचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं होतं. फोटोत तिपाई पुढे करणारी मी, फाटलेले डोळे, उघडं तोंड. तो त्यांनी समोरच्या खोलीत लावला.

"काढा तो काका! भुतासारखी दिसते मी."

"राहू द्या बाई. मानूस हाय म्हनून तं पानी किती खोल हाय, ते समजते."

त्यानंतर ते काठावरूनच फोटो काढत राहिले. मागच्या हिवाळ्यात घरीच, झोपेत गेले. तो फोटो आता माझ्या भिंतीवर आहे. त्याच्यासमोरून जाताना अजूनही माझा श्वास अडकतो. पाहुणे मात्र हसून विचारतात, "एवढ्या कशाला घाबरलात हो? मागे पाणी तर किती शांत आहे."