राणीसाहेबांची शेगडी

माझ्या धाकट्या जावेला मी मनातल्या मनात राणीसाहेब म्हणते. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरी धुऊन इस्त्री करणारी बाई, पण घरात शिरायची ती अशी ताठ, जणू इस्पितळ हिच्याच मालकीचं! वाफेने हात भाजलेले, तरी अंगाला धुतल्या कपड्यांचा वास. माझ्या अंगाला कायम कांद्याचा. खोटं कशाला बोलू, मी जळायचे. तिच्या पगारावर जळायचे, केसांवर जळायचे, तिला पडल्या पडल्या झोप लागते यावरसुद्धा जळायचे.

आम्ही दोन्ही बिऱ्हाडं एकाच खोलीत, मध्ये प्लायवुड. अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे ती, भावजी आणि त्यांची मुलगी. दहा वर्षं स्वयंपाक एकत्र होता. मग एक दिवस राणीसाहेबांनी दोन बर्नरची चकचकीत शेगडी आणली आणि गोड हसून म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर किती भार टाकायचा?" भार कसला, वेगळी चूल मांडायची होती! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमच्या वस्तीने घरांची किती धोरणं पाहिली! मी लग्न होऊन आले तेव्हा बुलडोझर यायचा आणि सांगायचे, शहराबाहेर चालते व्हा. पुढे कुणाला तरी दया आली, भाड्याची घरं बांधली. ती गेली ओळखीपाळखीत. मग ठरलं, दर दाराला एक घर. तर लोकांनी एकेका खोलीला तीन-तीन दारं पाडली! शेवटी साहेबलोक शहाणे झाले: दारं नाही, चुली मोजायच्या. जितक्या चुली तितकी घरं. म्हणजे आम्हाला एक आणि राणीसाहेबांना एक. शेजारी-शेजारी, तेवढंच मोठं, तितक्याच खिडक्यांचं! दहा वर्षं मी हिला वाढून दिलं, ते काय यासाठी?

मोजणीवाला सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारीच गल्लीत उगवला. ती कामावर, पुरुष कामावर, मुलं शाळेत. मला काय सुचलं कोण जाणे. तिची शेगडी उचलली, तिनेच मला दिलेल्या जुन्या चादरीत गुंडाळली आणि माझ्या पलंगाखाली ढकलली. सिलिंडर पाण्याच्या पिंपामागे.

"चुली किती?" मोजणीवाल्याने विचारलं.

"एकच हो. आमचं सगळं एकत्र," मी म्हटलं, आणि वर त्याला चहा पाजला.

खोली आमच्या ह्यांच्या नावावर. तेव्हा घर आम्हाला मिळणार आणि राणीसाहेब बसतील भाड्याची खोली शोधत, असा माझा होरा. ती यायच्या आत शेगडी परत जागेवर ठेवली, चादर घडी करून पलंगावर. तिने आल्या आल्या नेमकी चादरच हातात घेतली. डाग बघण्यात उभा जन्म गेलेला तिचा.

"ताई, हा तेलाचा डाग कसला?"

मी कांदा चिरायला घेतला. तिने शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या धुवायला नेते," एवढंच म्हणाली.

महिन्याने यादी लागली. चूल एक, घर एक, माणसं सहा. एका चुलीवर जेवणारे सगळे एकाच घरात! त्यात नवा नियम: घर बाईच्या नावावर, आणि तेही पगारदार बाईच्या. मालकीण कोण, तर राणीसाहेब! माझं नाव तिसरं, 'कुटुंबातील सदस्य'. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला गेले, आणि तोही धड झाला नाही.

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. ती अर्ज घेऊन आली. प्लायवुडपलीकडून भावजींचा आवाज चढला, "शेगडीची पावती आहे आपल्याकडे. लिही ना!"

तिने अर्जाखालची ओळ वाचून दाखवली. खोटी माहिती देणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं कमी होईल. "माहिती ताईंनी दिलीय," ती हळूच म्हणाली. "या वयात त्या एकट्या जातील कुठे?"

मी अलीकडे प्लायवुडला कान लावून बसले होते. सकाळी पाहिलं, तर तो अर्ज तिच्या शेगडीखाली अंथरलेला. कोरा.

आता सातव्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, एक ओटा, त्यावर तिची शेगडी. माझी भंगारात गेली. दारावर तिचं नाव. भावजी माझ्याशी बोलत नाहीत, ते परवडलं. ती मात्र रोज विचारते, "ताई, चहा टाकू?" अगं, एकदा तरी भांडायचं होतंस! चार शिव्या हासडल्या असत्या, तर आपण बरोबरीत आलो असतो.

ती चादर माझ्या पलंगावर आहे. पांढरीशुभ्र करून आणलीय बाईने. तिच्या पगारावर जळणं मला जमायचं, नावावर जळणंही जमलं असतं. पण हा चांगुलपणा माझ्याच्याने सोसवत नाही. रोज सकाळी चादर झटकताना मी तो डाग शोधते. कुठे होता ते मला पाठ आहे. तिथे काहीच नाही.