हळूमामाचा श्वास

मुलांनी त्याला हळूमामा हे नाव ठेवलं, त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याची शाळेची व्हॅन इतकी सावकाश जायची की सायकलवाले मागं वळून बघत आणि हसत पुढे निघून जात. गतिरोधक आला की तो आधी ओरडायचा, "धरा रे, डोंगर आला," आणि मग आत अंडी भरली असल्यासारखं एकेक चाक जपून चढवायचा. एखादी घाईतली आई वैतागून म्हणायची, "मामा, जरा दाबा की!" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "पोरगं पोचायला हवंय ना वहिनी? मग पोचवतो."

त्याची एकुलती एक मुलगी कोर्टाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दुकान शाळेच्या वाटेवरच, त्यामुळे सकाळी तीही व्हॅनमध्ये बापाशेजारी बसून यायची. अर्ज टाइप करायचे, निकालांच्या प्रती काढायच्या, स्टेपलर बिघडला की त्याला शिव्या घालायच्या, असं तिचं काम. अलीकडे त्यात एक नवीन भर पडली होती. कोर्टाचे जुने निकाल साइटवर सगळ्यांना बघता येऊ लागले होते. नाव टाकलं की माणसाचा कच्चा चिठ्ठा समोर. कुणी भाडेकरूचं नाव घेऊन यायचं, कुणी होणाऱ्या जावयाचं. एक बाई तर स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेऊन आली आणि स्क्रीनवरची तारीख वाचून म्हणाली, "त्या दिवशी हा मित्राच्या आजीला दवाखान्यात घेऊन गेला होता म्हणे. आजी चांगलीच झिंगलेली दिसतेय."

सगळ्यांत जास्त सापडायचे ते दारू पिऊन गाडी चालवणारे. तशी नोंद निघाली की मुलीचा आवाज कडक व्हायचा. "असल्यांना देवानंसुद्धा माफ करू नये," ती प्रिंट हातात ठेवताना सांगायची. समोरच्यानं विचारलेलं नसायचं, तरी सांगायची. "आमचे बाबा तीस वर्षं स्टिअरिंगवर आहेत. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा नाक दाबून उघडतात."

त्या महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेचा व्हॅनवाला प्यायलेला सापडला. मुलं वाचली, पण शहरभरचे पालक घाबरले. हळूमामाच्या शाळेतही पालक समिती जागी झाली आणि तिच्या सेक्रेटरीबाई चार ड्रायव्हरांची नावं घेऊन दुकानात आल्या. बोलक्या होत्या, मनानंही वाईट नव्हत्या.

"चौघांचीही नावं बघून टाक गं. आणि हो, आधी आमच्या सल्लागार सरांचं टाक, गंमत म्हणून. परवा म्हणत होते, तपासणी सगळ्यांचीच व्हायला हवी, माझ्यासकट."

सर म्हणजे शहरातल्या मोठ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलगी त्यांच्याच शाळेत शिकली होती, आणि हळूमामा पूर्वी त्यांचीच गाडी चालवायचा. तिनं नाव टाकलं. नोंद आढळली नाही.

"बघ," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "याला म्हणतात माणूस."

मग तीन ड्रायव्हर झाले. तिघंही कोरे. मुलगी हसली. "आमच्या बाबांचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. पहिलं टाकलं असतं तर बाकीचे फिके पडले असते." आणि सेक्रेटरीबाईंना नीट दिसावं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

एक ओळ आली. नाव, बापाचं नाव. दारू पिऊन वाहन चालवणे, एकास जखमी करणे. आरोपीस गुन्हा कबूल. दंड, परवाना निलंबित.

दुकानातलं मशीन आपलं कागद ओकत राहिलं. सेक्रेटरीबाईच आधी सावरल्या. "अगं, एका नावाची माणसं असतात. पत्ता बघ."

खोटं बोलायची वाट त्या बाईनंच उघडून दिली होती. मुलीनं पत्ता वाचला. तिथल्या खोलीच्या भिंतीवर तिची उंची पेन्सिलीनं आखलेली होती, दर वाढदिवसाला एक रेघ.

"पत्ता आमचाच आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा हळूमामा दारात बसून व्हॅनमधल्या पायपुसण्या घासत होता. तिनं कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं ओले हात पुसले, कागद लांब धरून वाचला, आणि घडी घालून परत दिला.

"आता हे असं कुणालाही दिसतं होय?"

"एवढंच बोलायचंय तुम्हाला? मी दुकानात उभी राहून जगाला प्रवचनं देते, बाबा! लोक आता माझ्या तोंडावर हसतील."

आतून आई आली. घरातली ही बाई देवासमोर बसल्याशिवाय पाणीही न पिणारी. तिनं मुलीच्या हातातला कागद पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाका आता. माझ्याच्यानं नाही आवरत."

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"मला यांनी शपथ घातली होती. मी रोज देवाला सांगत होते, तुला तेवढं सांगायचं नव्हतं."

मग हळूमामानं सांगितलं, तेही त्याच्या गाडीच्याच वेगानं. सरांच्या सत्काराचं दुपारचं जेवण होतं. सर चांगलेच घेऊन बाहेर आले. गाडीत बसले, दोन चौक गेले नाहीत तोच चिडले. "तू मला उद्या पोचवशील. ऊठ." त्यानं किल्ली दिली नाही, तर सरांनी हातातून ओढून घेतली आणि स्वतः चालवायला बसले. पुढच्या वळणावर थांबलेल्या स्कूटरला धडक बसली आणि स्कूटरवाल्याचा पाय मोडला. लोक जमायच्या आत सरांनी त्याला स्टिअरिंगमागं सरकवलं आणि स्वतः त्याच्या बाजूच्या दारानं खाली उतरले.

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"सरांनी हात धरला माझा. म्हणाले, शाळा बुडेल, इतक्या पोरांचं काय. आणि म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी मुलगी माझ्याच शाळेत आहे ना. एवढंच. पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती."

मुलगी खाली बसली. त्या शाळेत तिला सरांनी स्वतःच्या सहीनं घेतलं होतं, आणि ते ती आजवर सगळ्यांना अभिमानानं सांगत आली होती.

"पण दारू? तुम्ही तर प्यायलाच नव्हतात. यंत्रात फुंकायला लावतात."

हळूमामानं आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती.

"हवालदार म्हणाला, गाडीत वास आहे, लोकांनी घेतलाय, यंत्रात काहीतरी आलं पाहिजे. सरांचे मेहुणे बाटली घेऊन आले. चौकीच्या मागं नळ होता, तिथं उभं राहून प्यायलो. पहिला घोट उलटून पडला, तर त्यांनी दुसरा दिला. आयुष्यात तेवढीच घेतली पोरी. आणि तेवढीच लिहून ठेवली गेली."

त्या दिवशी त्यानं घरी येऊन मिठाच्या पाण्यानं इतक्या चुळा भरल्या की हिरड्या सोलवटल्या, हे आईनं सांगितलं. आणि पुढच्याच महिन्यात सरांनी त्याला कामावरून काढलं. दारूची केस असलेला ड्रायव्हर मुख्याध्यापकाच्या दारात शोभत नाही म्हणून.

"उद्याच्या मीटिंगमध्ये हे सगळं बोला," मुलगी म्हणाली. "नाहीतर मी बोलते."

"कबूल कुणी केलं? मी. जजसमोर हात जोडून केलं. आता उलटा बोललो तर काय होईल? दारुडा होतो, आता खोटारडाही होईन. साक्षीला कुणाला आणू? त्या नळाला?"

"सर येणार आहेत उद्या."

"हां," तो म्हणाला. "सरांना आठवत असेल."

तेवढ्या एका गोष्टीवर त्यानं रात्र काढली. मुलीनंही.

शाळेच्या सभागृहात दुसऱ्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरीबाईंनी मान खाली घालून नोंद वाचली. कुजबुज सुरू झाली. एका बापानं सरळ विचारलं, "आमची पोरं रोज या माणसाच्या हवाली करतो आम्ही?" एक आई म्हणाली, "तरीच एवढा हळू चालवतो. आदल्या दिवशीची उतरलेली नसेल." लोक हसले. ज्यांच्या पोरांना तो आजारपणात कडेवर घेऊन वर्गापर्यंत सोडायचा, तीही माणसं हसली.

सर पहिल्या रांगेत होते. त्यांची नात यंदापासून याच व्हॅननं जायची, पण तिला सोडायला सून यायची, त्यामुळे व्हॅनवाला कोण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. हळूमामा भिंतीला टेकून उभा होता आणि फक्त त्यांच्याकडे बघत होता. मुलगी दोघांकडे बघत होती. आता उठतील, तिला वाटलं. देव आहे, आता उठतील.

सर उठलेच. चष्मा काढला, पुसला.

"मी या गृहस्थाला ओळखतो," ते म्हणाले, आणि मुलगी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. "हा माझ्याकडे होता. माणूस चुकतो. पण चुकलेल्याला आयुष्यभर उन्हात उभं करणं हे शिक्षण नव्हे. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तर त्याला केव्हाच माफ केलंय. तुम्हीही करा."

टाळ्या पडल्या. एका आजीनं डोळे पुसले.

मुलगी ताडकन उठली, तसा हळूमामानं दुरूनच मान हलवली. नको. तिला त्या नकाराचा इतका राग आला की बाकीचं तिला धड ऐकूच आलं नाही. मामाला कामावर ठेवायचं ठरलं. दोन अटी होत्या. एक, पुन्हा दारूला शिवणार नाही असं लिहून द्यायचं. दुसरी, रोज सकाळी पहिल्या थांब्यावर कुणीतरी एक पालक त्याच्या तोंडाचा वास घेईल आणि मगच व्हॅन हलेल.

कागद पुढे आला. हळूमामानं सही केली. त्या माणसाची ही दुसरी खोटी सही, पहिली कबुलीवरची, आणि दोन्ही वेळा समोर सर.

बाहेर आल्यावर सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळलं की नाही तुला?"

"हो सर," हळूमामा म्हणाला. "दोन्ही वेळा."

सरांचा हात खाली आला. ते गाडीत जाऊन बसले.

मुलगी बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. "तुम्ही नोकरीसाठी इज्जत विकली," एवढं एकदाच म्हणाली. त्यावर त्यानं ताट बाजूला सारलं. "व्हॅन दुसऱ्याला दिली तर तो दाबून चालवेल," तो म्हणाला. "त्या पोरांना हळूची सवय आहे. उभी असतात, नाचतात आत. पडतील."

रोज सकाळी ती शेजारच्या सीटवर बसून बघायची. पहिल्या थांब्यावर व्हॅन थांबायची, काच खाली जायची आणि कुणीतरी आई नाकाला पदर, ओढणी, काय असेल ते अर्धवट लावून आत डोकवायची. हळूमामा तोंड उघडून श्वास सोडायचा. चांगल्या घरच्या बायका लाजत, लांबूनच "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत. काही मात्र मन लावून हुंगत. थंडीत त्याला खोकला लागला, छाती भात्यासारखी वाजू लागली, पण औषधाला वास येतो म्हणून त्यानं बाटलीला हात लावला नाही. आईनं देवाला हात जोडले, नवऱ्याला हात जोडले. तो गरम पाणी पीत राहिला.

मुलांचा तर खेळच झाला. चढताना प्रत्येक पोर म्हणायचं, "हा करा, मामा!" आणि तो प्रत्येकासाठी करायचा. "पास!" पोरं ओरडायची. मधल्या सुट्टीत दारुडा-पोलीस खेळताना त्यातल्या दारुड्याचं नाव हळूमामा होतं. हे मामाच्या मुलीला व्हॅनमधल्याच एका पोरीनं सांगितलं, हसत हसत.

एका सकाळी सून आजारी होती म्हणून नातीला सोडायला सर स्वतः आले. पहिला थांबा त्यांचाच. मागं तीन-चार आया आपापली पोरं घेऊन उभ्या. व्हॅन बघून सरांनी नातीचा हात सोडला आणि मागं सरकले.

"आजोबा, आज तुमची पाळी!" नात म्हणाली. "मामाचा वास घ्यायचा. त्याशिवाय गाडी सुटत नाही."

"असू दे गं. चढ तू."

"नाही! नियम आहे."

आया हसल्या. "घ्या ना सर," एकजण म्हणाली, "तुम्हीच तर ठेवून घेतलंत त्यांना."

मुलीनं बापाकडे पाहिलं. त्यानं काच पूर्ण खाली केली, बाहेर वाकला आणि तोंड उघडलं. सरांना पुढे यावंच लागलं. खोकल्यानं खरवडलेला एक लांब श्वास त्यानं सरळ त्यांच्या तोंडावर सोडला. सरांनी डोळे मिटले.

"कशाचा वास येतो, आजोबा?"

"कशाचाच नाही," सर पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, सर," हळूमामा म्हणाला. मामाचा हा आवाज व्हॅनमधल्या पोरांनी कधी ऐकला नव्हता. "मागं ऐकू गेलं नाही. माझ्या तोंडाला दारूचा वास आहे का?"

"नाही."

"कधी होता का?"

आया एकमेकींकडे बघू लागल्या. नात आजोबांच्या तोंडाकडे मान वर करून उत्तराची वाट बघत राहिली. सरांचे ओठ हलले. मुलीनं सीटची कड घट्ट धरली.

"शाळेला उशीर होतोय," सर म्हणाले, आणि वळून चालू लागले.

हळूमामानं ती पाठमोरी आकृती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत बघितली. मग काच वर केली. त्याचा हात गियरवर गेला, आणि कितीतरी दिवसांनी मुलीनं आपला हात त्यावर ठेवला. त्यानं गियर टाकला. नातीनं मागून विचारलं, "मामा, आजोबांनी पास म्हटलंच नाही. आता?"

"आता काय," तो म्हणाला. "धरा रे. डोंगर आला."