बोटभर माती

पुढच्या खोलीत लाद्या बसवायचं खूळ माझं. नंतर घरात कोणी मला तसं बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच आधी सांगून टाकते. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आमचा मळा नाशिकच्या वेशीबाहेर, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलं पंचवटीत देवळांच्या दारांशी जायची, उरलेली बाजारात. घरात आबा, अक्का आणि मी, तिघंच. आबा मळ्यात, अक्का चुलीपाशी आणि हार ओवायला, आणि सारवण माझ्या गळ्यात. अक्काला उकिडवं बसता येत नसे. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, त्यात डावा पाय वाळला आणि बोटभर आखूड राहिला. बांधावरून ती चालायला लागली की डावा खांदा खाली जायचा, वर यायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, पण लोकांना वाटायचं. अक्काला अठरावं लागलं होतं, म्हणजे त्या काळी घोडनवरीच, आणि तिचं लग्न जमणं याशिवाय आबांना दुसरा विषय नव्हता.

दर आठ दिवसांनी मी पुढची खोली सारवायची. खोली ऐसपैस, हिवाळ्यात शेणकाला गार, हातांना भेगा पडून रक्त यायचं. त्यात अक्का आतल्या दारात उभी राहून सांगायची, भिंतीकडे हात जरा जाड घाल. मला असा राग यायचा! स्वतः वाकायचं नाही आणि वरून मुकादमी करायची. पण आईसुद्धा तसंच करायची, दोन्ही भिंतींना लागून जमीन जाडच असायची, म्हणून मी धुसफुसत का होईना, तसं सारवायची. आईचं आणखी एक होतं. त्या खोलीत पाहुणे बसलेले असले की अक्काने भिंत डाव्या हाताला ठेवून कडेकडेने चालायचं, येताना या भिंतीने आणि जाताना त्या भिंतीने. पोरीच्या जातीने मधोमध मिरवत जाऊ नये, म्हणून असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मला तिने ही रीत कधी शिकवली नाही. ते तेव्हा मला खटकायला हवं होतं.

आई असताना अक्काला बघायला एकदा मंडळी आली होती. अक्का भिंतीकडेने पाणी घेऊन आली, बसली, विचारलं त्याची उत्तरं दिली, पलीकडच्या भिंतीने आत गेली. पायाचं कोणी विचारलं नाही, कोणाला दिसलंच नाही. पुढे त्यांच्या घरात कोणी वारलं, लग्न वर्षभर लांबणीवर पडलं आणि ते दुसरीकडे वळले. आबा मात्र ती आठवण जपून होते. त्या दिवशी पोरीला सप्तशृंगीने सरळ चालवलं, असं ते म्हणायचे.

मग सायखेड्याचं स्थळ आलं. घरची शेती, मुलगा शांत, दिवाळी झाली की बघायला येतो असा निरोप आला. आबा हरखून गेले. मी त्यांच्या मागे लागले की हे बिनआईचं घर, लोक आधी खाली बघतात, जमिनीला पोपडे दिसले तर पोरींना वळण नाही म्हणतील, पुढच्या खोलीत लाद्या टाकून घ्या. तोंडाने अक्काचं कल्याण चाललं होतं आणि मनात एवढंच होतं, की माझं सारवण सुटेल. आबांनी अक्काला विचारलं. तिने काही वेळ माझ्या हातांकडे पाहिलं.

"घाला," ती म्हणाली, "किती दिवस ती शेणात हात घालणार?"

रविवार कारंज्याच्या बाजूला एका व्यापाऱ्याची वखार होती, तिथे आम्ही लाद्या बघायला गेलो. शहाबादी फरशी आबांना पसंत होती, आयुष्यभर हलणार नाही म्हणून. मला मुंबईहून येणाऱ्या रंगीत सिमेंटच्या लाद्या हव्या होत्या, मधोमध लाल फूल असलेल्या. आबा म्हणाले, फुलांचा काय तुटवडा पडलाय आपल्याकडे? अक्का दुकानाच्या पायरीवर बसून होती, तिने एकाही लादीला हात लावला नाही. शेवटी साध्या पिवळसर लाद्या ठरल्या आणि चारी भिंतींना लागून काळ्या लाद्यांची पट्टी. ती पट्टी माझी पसंती. मुंबईहून आगगाडीने नाशिक रोडला आणि तिथून बैलगाडीने लाद्या घरी आल्या, तेव्हा मी पेंढ्यातून एकेक काढून पदराने पुसून ठेवली होती.

बसवायला आलेले मिस्त्री मुसलमान होते, पांढऱ्या दाढीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी जुनी जमीन उकरायला घेतली. भिंतीपाशी आले आणि थांबले. तळहाताने माती चाचपली, समोरच्या भिंतीपाशी जाऊन तिथलीही चाचपली. मग त्यांनी मला विचारलं, ही जमीन कोणाच्या हातची?

मी म्हटलं, आईच्या. तिला कुठे सरळ जमायचं. असं म्हणून मी हसलेसुद्धा.

"सरळ करायचीच नव्हती तिला," चाचा म्हणाले. "ही माती मुद्दाम चढवलेली हाय, बेटी. दोन्ही भिंतींकडं वीतभर पट्टा, बोटभर उंच, आणि कड अशी उतरवली का डोळ्याला दिसू नाय. असा हात आमच्यातबी कुनाचा नाय. ठेवायची का काढायची?"

लाद्या आल्यावर माती कशाला ठेवायची? मी म्हटलं, काढा. अक्का त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिने तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली.

चाचांचं काम चोख होतं. खाली विटांचा रोडा घालून तो धुमसाने ठोकून घट्ट केला, चुन्याचा थर दिला, दोऱ्या ताणल्या. लाद्या घंगाळात भिजत ठेवायच्या आणि एकेक बसवून मुठीने हळू ठोकायची. दर दोन लाद्यांमागे पाणसळ लावून बघायचे. त्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. एका कोपऱ्यात तांदळाएवढा फरक निघाला म्हणून त्यांनी सहा लाद्या परत उचलल्या. मग आठ दिवस ओली गोणपाटं घालून खोली बंद. उघडली तेव्हा जमीन तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट होती. आबा चप्पल बाहेर काढून उगाच दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. मी तर नाचायचीच बाकी होते.

चारच दिवसांनी सायखेड्याची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. लाद्यांचं कौतुक झालं. आबांनी मिस्त्रीची कारागिरी सांगितली. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते. अक्काने हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात पाण्याचा तांब्या आणि पेले. भिंत डाव्या हाताला ठेवून ती निघाली.

तिसऱ्या पावलाला मला दिसलं. काळी पट्टी दोरीसारखी सरळ गेलेली, आणि तिच्यावरून अक्काचा खांदा खाली, वर, खाली, वर. लुगड्याचा काठ एका पावलाला लादीला टेकत होता आणि दुसऱ्याला उचलत होता. पेले एकमेकांवर वाजत होते. या खोलीत पाहुण्यांसमोर अक्का लंगडताना मी जन्मात पाहिली नव्हती. भिंतीकडेने चालताना ती लंगडतच नसे, आणि का लंगडत नसे हे मला त्या फटीशी उभ्या उभ्या कळलं. आईने भिंतीकडे तिच्या पायाएवढी माती चढवून ठेवली होती. डावा पाय मातीवर, उजवा खाली, आणि पोर सरळ. मरेपर्यंत आई ती सारवत राहिली, तिच्यामागे दोन वर्षं मी न कळता सारवली, आणि मग मीच ती उकरून फेकायला सांगितली.

आत्याबाईंनी पाण्याचा पेला हातात धरला, पण नजर अक्काच्या पायावरून हलली नाही. ताप कधी आला होता, किती दिवस होता, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं. आबांनी खरं ते सांगितलं. मग पानसुपारी द्यायला मला बोलावलं गेलं, आणि मी खोलीच्या मधोमध चालत गेले, कारण मला कडेने चालायला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. थोरली नको, धाकटी द्या.

आबा दोन दिवस जेवले नाहीत. थोरली घरात असताना धाकटी उजवली की थोरलीचं संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी रडून सांगितलं की मी जाणार नाही. शेवटी अक्काच बोलली. आबांच्या पुढ्यात ताट ठेवत तिने सांगितलं, "देऊन टाका तिला. आलेलं स्थळ चांगलं आहे. माझ्यासाठी तिला घरात ठेवलं तर मी जेवणार नाही." फाल्गुनात माझं लग्न झालं. सायखेड्याच्या घरातली जमीन मातीची होती आणि सारवण धाकट्या सुनेकडे, म्हणजे माझ्याचकडे.

पुढच्या दसऱ्याला मी माहेरी आले. झेंडूच्या राशी पुढच्या खोलीत पडल्या होत्या आणि आम्ही दोघी पाय पसरून तोरणं ओवत होतो. अक्का खोलीत मधूनच चालायची आता, भिंत वगैरे सोडून. मला राहवलं नाही. आईची माती मला कळली, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, मला तर आई माती घालत होती तेव्हापासून माहीत आहे, दुसरी पट्टी तिने रात्रीतून उरकली तेव्हा तिला माती मीच तुडवून दिली होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं. "लाद्या नको म्हणाली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

तिने ओवता ओवता दोऱ्याला गाठ मारली.

"तुझे हात बघवत नव्हते," ती म्हणाली. "आणि किती दिवस फसवायचं? ह्या खोलीतून सरळ चालत गेले असते, पण पुढे काय? सासरची जमीन काय आई करून देणार होती?"

मी फुलं वेचत राहिले. सायखेड्याच्या आमच्या घराची जमीन गंगेच्या पुराने खचलेली होती. इथे खळगा, तिथे उंचवटा, उंबरे तिरके. त्या घरात सासरे, आत्याबाई, माझे मालक, मी, आम्ही सगळेच वरखाली होत चालायचो. अक्का तिथे आली असती तर तिचा पाय आखूड आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. हे मला तिथे गेल्याच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. अक्काला मी ते त्या दसऱ्याला सांगितलं नाही, आणि नंतर ती चाळीस वर्षं त्या लाद्या पुसत होती तेव्हाही सांगितलं नाही.