पिशवीच्या दुधातली म्हैस

पनीरशी माझं वैर नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. लग्नाच्या जेवणात लाल रश्श्यात बुडून ताटात येणारी पांढरी चौकोनी वस्तू, एवढीच आमची ओळख. त्या पावसाळ्यानंतर मात्र माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. वर्गात मुलांना नद्यांची नावं लिहून देताना मी फळ्याकडे तोंड करून विचार करत असे, आज कशात घालू? किसू की कुस्करू? मुलं मागे दंगा करत आणि मला तो ऐकूच येत नसे.

हे सगळं आप्पांच्या पायासाठी चाललं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव जांबोटीच्या पलीकडे, जंगलात. भाताच्या चिखलात त्यांच्या पायात काटा मोडला. अंगात साखर आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे हळद चेपून ते हिंडत राहिले. बेळगावात आणलं तेव्हा डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली. आई नाही, गावात बघणारं कुणी नाही, म्हणून मी त्यांना टिळकवाडीत आमच्या फ्लॅटवर आणलं आणि त्यांची म्हैस गावातल्या शेजाऱ्याला विकली. जखम काही भरेना. डॉक्टर पट्टी सोडायचे, जखमेकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. पोटात प्रथिनं गेली नाहीत तर उद्या पाऊल काढावं लागेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आता प्रथिनं आणायची कुठून? आई गेल्यापासून आप्पांनी मटण, मासे, अंडी सगळं सोडलेलं. कडधान्य खाल्लं की पोट फुगायचं. दही खाल्लं तर आंबटानं जखम पिकते, असं त्यांचं मत. दूध चहापुरतं, नुसतं दूध रेडकांनी प्यायचं असतं म्हणे. राहता राहिलं पनीर. डॉक्टरांनीच तो शब्द उच्चारला आणि मी तो धरून बसले.

पहिल्या दिवशी मोबाइलवर बघून हॉटेलसारखं केलं, टोमॅटो, काजू, वरून मेथीची सुकी पानं. आप्पांनी रसाला भाकरी लावली आणि तुकडे ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले. मला वाटलं, तोंडाला परकं लागलं असेल. दुसऱ्या दिवशी सुकं खोबरं, तीळ भाजून, कांदा-लसणाची चटणी घालून मटणाच्या मसाल्यातलं केलं. पुन्हा तेच, रस्सा गायब आणि तुकडे कडेला. मग भुर्जी केली, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा घालून. ती त्यांनी चिमटीत धरून बघितली आणि पोट भरलंय म्हणाले. तव्यावर तेलात खरपूस भाजून वर मिरपूड टाकली. दुधी किसून त्यात पनीर कुस्करलं, वड्या केल्या. ज्वारीच्या पिठात किसून धपाटी थापली. शेवटी झुणक्यात लपवलं. झुणका हा आप्पांचा जीव की प्राण, तो कसा नाकारतील? त्यांनी एक घास घेतला, चावला, बराच वेळ चावला, आणि पाणी पिऊन उठले.

मला बसवत नसे. शाळेतून आले की पर्स खांद्यावर असतानाच फ्रिज उघडायचा. नवरा म्हणाला, अगं, जरा दम घे, तू काय स्वयंपाकाच्या परीक्षेला बसली आहेस का. त्याला मी असं काही बोलले की पुढचे दोन दिवस तो स्वतःचा चहा स्वतः करून घेत होता. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात जीव टांगणीला लागलेला. रोज पट्टी बदलताना मी वाकून बघायची आणि मला रोज ती जखम कालच्यापेक्षा मोठी वाटायची.

मग एका रविवारी ठरवलं, विकतचं पनीर रबरासारखं असतं, म्हणून नको होत असेल. घरीच करू, मऊ, ताजं. दोन पिशव्या दूध तापवलं, उकळी आली तशी लिंबू पिळलं. दूध फाटायला लागलं, हिरवट पाणी वेगळं झालं. मी खुशीत ढवळत होते. मागे चाहूल लागली. आप्पा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले होते आणि पातेल्यात बघत होते.  परत फिरून गॅलरीत जाऊन बसले. दिवसभर चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी माझा तोल गेला. त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, नेमकं काय चुकतंय माझं, सांगा तरी.  रस्त्याकडे बघतच ते हळूच म्हणाले, "दूध असं जाणून नासवू न्हाय गं. म्हशीच्या सडाला भेगा पडत्यात."

तेव्हा मला आठवलं. आमच्या घरात दूध उतू गेलं तर आई विस्तवावर आधी पाण्याचा शिपका मारायची. नासलं तर ते परत चुलीवर चढवायची नाही, ओढ्याकडेला नेऊन ओतायची. दुधाला लागलेली झळ म्हशीच्या कासेला लागते, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. विसरलेही नव्हते म्हणा. फक्त पिशवी कात्रीनं कापताना तिच्यामागे म्हैस असते हे कधी मनात आलं नाही.

मी वाद घातला. वाद घालणं मला जमतं. म्हटलं, अहो, म्हैस विकली ना आपण? आता कुठल्या सडाची काळजी करताय? तर म्हणाले, विकली म्हणून काय झालं, कुणाच्या तरी दावणीला हायच की. म्हटलं, हे डेअरीचं दूध आहे, हजार म्हशींचं एकत्र केलेलं. त्यावर त्यांनी मला शांतपणे समजावलं. शेजारी तिचं दूध गावातल्या डेअरीत घालतो. ते कॅनमधनं बेळगावला येतं. पिशवीत कुणाची म्हैस आहे, कुणाला ठावं? आपली नसेलच असं कोण सांगणार?  भूगोल शिकवते मी, दुधाचा तो मार्ग त्यांनी मला नकाशासारखा काढून दाखवला.

शेवटचा बाण म्हणून म्हटलं, मग आयुष्यभर आपला बेळगावी गोड कुंदा कसा खाल्ला? त्यातही दह्यानं दूध फाडतात. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, ते पाप हलवायाच्या माथ्यावर.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. राग आप्पांचा होता, म्हशीचा होता, माझाही होता. तोवर मी चवीशी झटत होते. मसाला बदलता येतो, आकार बदलता येतो. पण माणसाला स्वतःच्या पावलापेक्षा एका विकलेल्या म्हशीच्या सडाची काळजी जास्त असेल, तर त्याच्यासाठी कुठली पाककृती शोधायची?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी गावी शेजाऱ्याला फोन लावला. काय विचारायचं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. म्हशीची चौकशी केली. तो म्हणाला, बरी आहे, गाभण होतीच, आता दिवस भरत आले तशी आटली. गेल्या आठवड्यापासून थेंबसुद्धा देत नाही. मी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं. मग तास बुडवून, रिक्षा करून घरी गेले आणि सांगितलं, म्हैस आटली, आता पिशवीत तिचं दूध नाही.

आप्पांचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि का बसावा? झुणक्यात पनीर लपवून मी त्यांना फसवलंच होतं. त्यांनी फोन मागितला. शेजाऱ्याला विचारलं, कास कशी आहे, खाते का, पाणी पिते का, दावं बदललंस का. बराच वेळ चाललं होतं. मी दाराची चौकट धरून उभी. फोन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आटली म्हन. मग वाढ काय ते."

मी ताट आणलं. कालचंच पनीर होतं, गार झालेलं, नुसतं मीठ-मिरपूड लावलेलं. ते त्यांनी सगळं खाल्लं. बेचव आहे म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाचच भांडी घासली.

पुढचे दिवस माझ्या हातापायांना उसंत नव्हती, पण आता घाई वेगळी होती. म्हैस व्यायच्या आत जखम भरायला हवी. आप्पा खायला लागले तशी त्यांची मतंही सुरू झाली. भुर्जी बरी, पण मिरची ठेचून घाल. दुधीच्या वड्या नकोत. धपाट्यात तीळ घाल. मटणाच्या मसाल्यातलं सगळ्यात आवडलं, पण ते तसं म्हणाले नाहीत. रश्श्याबरोबर तुकडेही संपवायला लागले एवढंच. मेथीत टाकलेलं खाल्लं, वांग्यात भरलेलं खाल्लं. कडेनं जखमेला लाल, ओलसर मांस धरू लागलं. डॉक्टर आता जखमेकडे बघून समाधानानं मान डोलावत. आणि मी गावाकडून फोन वाजला की दचकत असे. एखाद्या बाळंतपणाची कुणी इतकी धास्ती घेतली नसेल.

तो फोन आला तेव्हा तव्यावर पनीर होतं. म्हैस पहाटे व्याली, रेडी झाली, वार पडली, रेडी उठून प्यायलाही लागली, आप्पास्नी सांगा, एवढं बोलून शेजाऱ्यानं ठेवला.

मी गॅस बंद केला. जखम अजून बोराएवढी उरली होती. याच गतीनं थोडे दिवस गेले तर मिटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. फोन माझ्या मोबाइलवर आला होता. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी सांगितलं असतं तर काय बिघडणार होतं? शेजाऱ्यालाही पढवून ठेवता आलं असतं. हे सगळं ओट्याशी उभं राहून माझ्या मनात आलं. पण झुणक्यात पनीर लपवणं वेगळं आणि हे वेगळं. म्हशीच्या बाबतीत आप्पांशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

ताट घेऊनच बाहेर गेले. ते खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"आप्पा, म्हस व्याली. रेडी झाली."

त्यांचा चेहरा असा फुलला की त्या क्षणी मला सांगितल्याचं बरं वाटलं. वार पडली का, त्यांनी विचारलं. रेडी उठून उभी राहिली का, आईला लुचली का. मी सगळ्याला हो म्हटलं, शेजाऱ्यानं तेवढं सांगितलं होतं. मग त्यांनी ताटाकडे बघितलं. मग पायाकडे.  मी ताट उचलायला वाकले.

"ऱ्हाऊ दे ते," आप्पा म्हणाले. "चिकाचं दूध डेअरीत घेत न्हाईत. आठ-धा दीस तर रेडीच पिणार सगळं. तवर पिशवीत काय तिचं येत न्हाय." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता दोन टायमाला कर."

हे त्यांना आत्ता सुचलेलं नव्हतं. त्यांच्या सुरावरूनच कळलं, कधीचे ते मनातल्या मनात हा हिशोब मांडून बसले होते. इतके दिवस मी एकटीच त्या पायासाठी धावतेय असं मला वाटत होतं. त्यांनाही पाय हवाच होता. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला रडू फुटलं. आप्पांनी मला रडू दिलं, आणि ताट ओढून घेऊन पनीरचा पहिला तुकडा तोंडात टाकला.