ताट घेऊन रस्त्यात

इंदापूरहून बारामतीला जाणारी विजेवरची बस पहिल्यांदा आली, तेव्हा आमच्या फाट्यावर तिचं औक्षण मीच केलं होतं. आठवलं की अजून स्वतःचीच चीड येते. उद्घाटनाला आलेले साहेब उतरणार होते म्हणून बस थांबली. हार, नारळ, काचेखाली कुंकू, फोटो. गाड्यांचा धूर कमी करायचं सरकारचं धोरण आहे, असं साहेबांनी भाषणात सांगितलं आणि आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. बस आज थांबली म्हणजे रोज थांबणार, असं आम्ही धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवसापासून ती न थांबता निघून जायला लागली. नुसता हात केला तरी थांबणारी जुनी डिझेलची लाल बस तर बंदच करून टाकली होती.

मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामाला. जायचं कसं? नवऱ्यानं घरी पडलेली मोटारसायकल बाहेर काढली. ती एवढा धूर ओकायची, की मी मागं बसून डोळे चोळत जायची. शेजारच्या दोघींचंही तेच. बसचा वाचलेला धूर आमच्या नाकात घालायचा, याला धोरण म्हणतात का? पुढं मोटारसायकलही बंद पडली. सुपरवायझरनं बजावलं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर येऊच नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट घेतलं. हळदकुंकू, निरांजन, सगळं तेच. पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ओवाळायला उभ्या राहिलेल्या बाईला डावलून गाडी पुढं काढायची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही. ड्रायव्हरला वाटलं, पुन्हा कुणी साहेब येणार. त्यानं बस थांबवून दार उघडलं. मी कुंकू लावलं, ओवाळलं आणि सरळ आत चढले. माझ्यामागं शेजारच्या दोघी.

"मावशी, हितं थांबा न्हाय!" कंडक्टर ओरडला.

"व्हय? मग सायबासाठी कसा हुता?"

"मशिनमधी ह्यो फाटाच न्हाय. तिकीट कुठनं फाडू?"

"मागच्या थांब्यापासनं फाड. पण मी उतरणार न्हाय."

ड्रायव्हरनं बस हलवली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, संतापच आला. कामावर जायला बसची पूजा करावी लागते, हे कुठल्या भाषणात सांगणार होते?

वेळेत पोचले. ताट पुसून डब्याच्या पिशवीत ठेवलं. उद्याही लागणार होतं.