आम्लाच्या टाकीवरचे सगुणबाब

श्री. सगुण परब यांना मी प्रथम पाहिले ते डिचोलीच्या कारखान्यात, आम्लाच्या टाकीवर ओणवे झालेले. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. मराठी-कोकणी भाषेच्या वादाने आमच्या कँटीनमध्येसुद्धा दोन टेबले पडली होती. मी महाराष्ट्रातल्या दोडामार्गचा नवा फिटर. कुठे बसावे कळेना. पेडण्याचे सगुणबाब मात्र जिथे जागा असेल तिथे बसत. मला शेजारी बसवून म्हणाले, "आदी पाव खा. वाद मागीर."

ते उपकरण विभागाचे प्रमुख. आमच्याकडे लोखंडी सामान गरम आम्लात धुतले जाई. आम्ल किती तापले हे सांगणारा संवेदक एका नळीत घालून टाकीत सोडलेला असे. नळीत आम्ल शिरले की संवेदक खोटे सांगू लागतो, म्हणून नळीवर टेफ्लॉनचा काळपट थर. दर सोमवारी सगुणबाब प्रत्येक नळी काढून, धुऊन, उजेडात धरून तिच्यावर नख फिरवीत. जरा खरखर लागली की नळी बाद. वेळ जातो म्हणून साहेब कुरकुरत, पण यांचा सोमवार काही चुकला नाही.

एका वर्षी खंडेनवमीला सगुणबाब सुतकात असल्याने घरी होते. पूजेसाठी अवजारे चकचकीत करण्याचे काम माझ्याकडे आले. नळीवरचा थर मला मळ वाटला! काथ्याने निघेना, तेव्हा मी पॉलिश पेपर घेतला. केवढा माझा दीडशहाणपणा! नळी चांदीसारखी झाली, तिला हळदकुंकू वाहिले आणि मीच ती टाकीत बसवली.

सुतक फिटून सगुणबाब कामावर आले, त्याच सकाळी संवेदकाचा काटा आम्ल थंड असल्याचे दाखवीत होता. टाकीवरचा पांडू आम्ल तापवणारी वाफ वाढवीतच होता. पांडू म्हणजे सगुणबाबांचा जिवाभावाचा दोस्त; दोघे एका डब्यात जेवत. सगुणबाबांनी काट्याकडे पाहिलेच नाही. उसळणारा धूर पाहून ते धावले, पांडूला मागे ओढले आणि वाफ बंद केली. पांडूचे डोळे वाचले, पण बरेच दिवस पट्टी होती.

नळी बाहेर काढली तर आत आम्ल शिरलेले. सगुणबाब मला एवढेच म्हणाले, "अरे, ही काय समई असा घासूक?"

चौकशीत मात्र त्यांनी सांगितले, "नळ्या माझ्या ताब्यातल्या. चूक माझी." त्यांची होऊ घातलेली बढती गेली. माझी बायको गरोदर होती. मी मूग गिळून गप्प बसलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "नोकरी सांभाळ. पण पांडूक तूच सांग. ता मी सांगूचंय नाय."

मी सांगितले नाही. आज नको, चतुर्थी झाल्यावर, असे करत वर्षे गेली. पांडूने सगुणबाबांशी बोलणे टाकले. समोरून आले तर तो वाट बदली. सगुणबाबांनी ते सोसले, आणि मला एका शब्दाने टोचले नाही. उलट जवळ बसवून सगळी विद्या दिली, माझ्या मुलीच्या बारशाला स्वतः पाळणा घेऊन आले. त्यांचा चांगुलपणा मला फार जड झाला होता.

सगुणबाबांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागणारे पत्र आले, आणि पहिल्या ओळीच्या पुढे लेखणी सरकेना. कुठल्या तोंडाने गुणगान गाऊ? शेवटी गेल्या रविवारी सुर्ल्याला पांडूच्या घरी गेलो. सगळे सांगितले. त्याने मारले असते तरी चालले असते.

पांडू म्हणाला, "इतलीं वर्सां तो म्हज्याकडे हांसतालो, आनी हांव तोंड फिरयतालों." उठला, शर्ट चढवला, चपला शोधू लागला. "पेडण्यांची बस केन्ना आसा रे?"

सगुणबाब, पंच्याहत्तरीनिमित्त माझे मागणे एकच. तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुम्ही खूप खूप जगा. तुमच्या मित्राची इतकी वर्षे मी खाल्ली आहेत. तेवढी तरी तुम्हा दोघांना परत मिळोत.