बाळी नसलेला कान

सन १९३४, आखाजीचा दुसरा दिवस. रक्कम रोख नव्वद रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि सणाला माहेरी आलेली माझी धाकटी बहीण. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात आणि चार दिवस घरात कोणाचेच काही चालू देत नाहीत.

रक्कम ओट्यावर मोजली आणि तिथेच वाटणी ठरवली. पंच्याहत्तर बैलासाठी, पंधरा नव्या मोटेसाठी. जोडीतला एक बैल माघात गेला होता. मोट तर इतक्या वेळा शिवलेली, की विहिरीतून भरून निघाली तरी काठावरच्या थारोळ्यात अर्धीच पोचे. पाऊण एकर ऊस उभा होता. शेजाऱ्याचा बैल एक दिवसाआड मागून आणून मी तो कसाबसा जगवत होतो. नव्वदांत दोन्ही गोष्टी बसल्या तर ऊस पावसापर्यंत टिकणार होता. एकच बसली तर वाळणार होता, कारण नुसता बैल पाणी काढत नाही आणि नुसती मोटही काढत नाही.

बायकोने विचारले, "पंच्याहत्तरमा बैल भेटी ना?"

"भेटी," मी म्हणालो. "मन्हा अंदाज आजपावत चुकना नही."

हे मी फुशारकीने म्हणत नव्हतो. वडील गेल्यापासून मी पाच वेळा जनावरे घेतली होती. साठ रुपये ठरवून गेलो, तेव्हा साठला बैल मिळाला. पंचेचाळीस ठरवून गेलो, तेव्हा गाय पंचेचाळीसला मिळाली. एकदाच एक रुपया उरला होता. जनावर पाहण्याआधीच त्याची किंमत मला बरोबर कळते, असे मी समजून होतो आणि चारचौघांत सांगतही होतो.

त्या दिवशी दुपारी झोके खेळून दमलेल्या बायका आमच्या अंगणात जमल्या. पुरुषांच्या नकला करायला त्यांना आखाजीसारखा मोकळा दिवस नाही. बहिणीने माझे पागोटे डोक्यावर चढवले, उपरणे खांद्यावर टाकले आणि बैल घ्यायला निघाली. बैल म्हणजे उभी केलेली बाज. व्यापारी झाली माझी बायको. मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. मला उठून जा म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही.

बहीण बाजेभोवती फिरली. माझ्यासारखेच दोन्ही हात पाठीमागे, मान थोडी डावीकडे. बाजेचा एक पाय उचलून पाहिला.

बायको ओरडली, "भाऊ, बैल लेवाना शे का खूर मोजाले उनात?"

बायका हसल्या, मीही हसलो. मग दोघींनी उपरण्याखाली हात घातले. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटे धरायची. एक बोट म्हणजे दहा रुपये, अर्धे बोट म्हणजे पाच, सगळा पंजा म्हणजे पन्नास. बघणाऱ्यांना फक्त दोन चेहरे दिसतात. बायकोचा चेहरा खट व्यापाऱ्याचा, बहिणीचा माझा. ती भुवया उंचावत होती, मान हलवत होती, "नही, नही, इतला पैसा कोठे शेतस!" म्हणत होती. मग तिचा डावा हात सावकाश वर गेला आणि तिने डाव्या कानाची पाळी अंगठा आणि बोट यांत धरून चोळायला सुरुवात केली.

"लेवा! सौदा पक्का!" बायको लगेच म्हणाली आणि सगळ्या बायका बाज धरून हसायला लागल्या.

मला गंमत कळली नाही. मी विचारले, "हाई काय?"

"दादा, हाई तूच शेस," बहीण म्हणाली. "तुन्हा पैसा सरनात का तू कान धरस."

"मी कधी कान धरस?"

"आते बी धरेल शे!"

माझा डावा हात खरोखरच कानाशी होता. सुपारी मांडीवरून खाली सांडली होती.

तिला हे कुठून ठाऊक, ते मी नंतर विचारले. लग्नाआधी ती वडिलांचे आणि नंतर माझे, ओट्यावर झालेले सगळे सौदे दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहत असे. वडिलांच्या डाव्या कानात सोन्याची बाळी होती. भाव त्यांच्या शेवटच्या आकड्याला आला की ते ती बाळी फिरवू लागत. लहानपणी मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसे आणि बैल कसा पाहावा, नाही कसे म्हणावे, हे सगळे त्यांच्याकडूनच उचलले. मला कोणी शिकवले नाही, मीही काही मुद्दाम शिकलो नाही. माझा कान टोचलेलासुद्धा नाही. बाळी आलीच नाही, पण ती फिरवणे तेवढे आले.

मग मी माझ्या पाच खरेद्या पुन्हा आठवल्या. साठला साठ, पंचेचाळीसला पंचेचाळीस. अंदाज माझा नव्हता. व्यापारी कान हलेपर्यंत थांबत होते.

बहीण म्हणाली, "हात बांधीसन जाय." बायको म्हणाली, छत्री घेऊन जा, म्हणजे हात अडकलेला राहील. मला छत्रीचे पटले.

बाजाराच्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीने तळोद्याला गेलो. मोठ्या चिंचेखाली नेहमीचा व्यापारी बसला होता. मागच्या दोन जनावरांचे पैसे मी त्यालाच दिले होते, आणि माझ्या वडिलांचे सौदे त्याच्या वडिलांशी होत. त्याच्याकडे एक तांबडा बैल होता. सहा दाती, खूर घट्ट, खांदा अजून फारसा न घासलेला. आमच्या उरलेल्या बैलाच्या उंचीला तो बरोबर लागत होता. मला तो पाहताक्षणी हवासा वाटला, आणि म्हणून मी आधी त्याच्या शेजारचा पाहिला. हेही वडिलांचेच.

उपरण्याखाली हात गेले. उजवा हात त्याच्या हातात, डाव्या हातात उघडी छत्री. तो नव्वदवर बसला, मी पंचावन्नवर. तो पंच्याऐंशीवर आला, मी साठवर. त्याचे ऐंशी झाले, माझे पासष्ट. बोटे बोलत होती आणि त्याचे डोळे माझ्या पागोट्याच्या डाव्या बाजूला होते. छत्रीचा दांडा एकदा आपोआप वर गेला आणि काडी पागोट्याला अडकली. मी तो खाली ओढला.

मी सत्तर दाखवले. तो थांबला. त्याने वर चिंचेकडे पाहिले, मग छत्रीकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "छत्री ठेवा ना खाले. आठे ऊन कोठे शे?"

तोपर्यंत बहिणीच्या बोलण्यावर माझा तीन चतुर्थांशच विश्वास होता. उरलेला तिथे बसला. पंच्याहत्तरपर्यंत जाण्याची माझी तयारी होती आणि बैल तितक्याचा होताही. पण मी छत्री मिटली, मांडीवर ठेवली, पुन्हा सत्तरच दाखवले आणि सावकाश कानाची पाळी धरली. खोटे एक अक्षर बोललो नाही. कान माझा होता, हातही माझाच.

"लेवा," तो लगेच म्हणाला आणि कापड ओढून घेतले.

सत्तर रुपये त्याच्या हातात मोजून दिले, बैलाचा कासरा घेतला आणि मग माझ्याने राहवेना. मी विचारले, "तुम्ही मन्हा कान देखी ऱ्हायनात ना?"

तो पोट धरून हसला. "मन्हा बापनी सांगेल व्हतं. तुम्ना बाप बाळी फिरावत व्हता, तुम्ही कान चोळतस. कोनी सांगं तुमले?"

"मन्ही बहीण."

"तिले बाजारमा आनू नका," तो हात जोडून म्हणाला. "आम्ही उपाशी मरसूत."

बैल घरी आला. दुसऱ्या दिवशी मोट शिवणाऱ्याकडे जाऊन नवी मोट पंधराला घेतली. त्याच्याशी मी घासाघीस केली नाही, कातडे चोख होते. नवा बैल मोटेला अगदीच कोरा निघाला. धावेच्या उतारावरून मागे सरायचे त्याला कळेना. मी त्याला म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपला आणि ओरडलो नाही. म्हातारा थांबला की तो थांबे, म्हातारा मागे सरला की तो सरे. संध्याकाळपर्यंत त्याला सगळे आले. विहिरीपाशी म्हातारा एकदा उजवीकडे मान झटकतो, तेही आले. ते माझ्या उपयोगाचे नव्हते, पण वेगळे काढता येत नाही.

बहीण सासरी जायला निघाली तेव्हा तिने ओट्यावर बसून पदर पसरला.

"मन्ही दलाली कोठे शे?"

मी हिशेब सांगितला. बाजाराची पावती आणि वाटखर्च दहा आणे. उरले चार रुपये सहा आणे. तिने पदराखाली माझा हात धरला. दहाचे बोट आज एकाचे ठरले. तिने पंजा धरला, मी एक बोट. तिने चार बोटे केली, मी म्हटले, नही. बायको दारात उभी राहून दोघांकडे पाहत होती. बहीण तीन बोटांवर आली, तोंड फुगवले, आणि तिचा डावा हात वर गेला. कानातली कुडी धरून ती हळूहळू फिरवू लागली.

बायकोने तोंडाला पदर लावला. मी तीन बोटे धरली. तिच्या कानाचे सांगायला पुढची आखाजी आहे.

दिले ते असे: बैलाचे सत्तर, व्यापाऱ्याला. मोटेचे पंधरा, शिवणाऱ्याला. पावती-वाटखर्चाचे दहा आणे. दलालीचे तीन, बहिणीला.